सोलापूरहून युरोपात रोड ट्रिप: सीमेवर कुणी अडवत नाही, मग पैसे आणि वेळ नेमके कुठे अडकतात?

सोलापूरहून हैदराबादला गाडीने जाणारा माणूस एका दुपारीत तीन राज्ये पार करतो. नळदुर्ग, उमरगा मागे पडले की कर्नाटक लागते, हुमनाबादनंतर काही वेळात जहिराबाद येते आणि तेलंगणा सुरू होते. राष्ट्रीय महामार्ग ६५ वरचा हा सुमारे ३१० किलोमीटरचा प्रवास. टोलनाका कोणत्याही राज्यातला असो, काचेवरचा फास्टॅग तोच चालतो. वाहन परवानाही तोच आणि चालायची बाजूही तीच.

युरोपात गाडीने फिरायचे ठरवणाऱ्यांच्या डोक्यात साधारण हेच चित्र असते. जर्मनीत नाश्ता, फ्रान्समध्ये जेवण, स्वित्झर्लंडमध्ये मुक्काम. सीमा कधी ओलांडली ते मोबाइलच्या नेटवर्कचा मेसेज आल्यावरच कळते. हे खरे आहे. मात्र ही मोकळीक मुख्यतः माणसांच्या तपासणीपुरती आहे. गाडीसाठी प्रत्येक देशाचा टोल, स्टिकर, वेगमर्यादा आणि दंड वेगळे आहेत. सगळ्या युरोपात चालेल असा फास्टॅग भाड्याच्या गाडीत फिरणाऱ्या पर्यटकाला मिळत नाही. बहुतेकांचे नुकसान इथेच होते, आणि ते टाळण्याचे काम विमानात बसण्याच्या तीन-चार महिने आधी सोलापुरातच करावे लागते.

शेंगेन म्हणजे नेमके काय?

शेंगेन हे लक्झेंबर्गमधले मोझेल नदीकाठचे छोटे गाव आहे. १४ जून १९८५ रोजी तिथे पाच देशांनी आपसातली सीमा तपासणी हळूहळू बंद करण्याचा करार केला. प्रत्यक्ष अंमल १९९५ मध्ये सुरू झाला. आज या व्यवस्थेत २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ मध्ये आला, तर बल्गेरिया आणि रोमानियाच्या रस्त्यांवरच्या सीमा १ जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या.

युरोपियन युनियन आणि शेंगेन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युनियनमध्ये नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंडचे नेमके उलट आहे. ब्रिटन दोन्हींत नाही, त्यामुळे लंडन जोडायचे असेल तर वेगळा व्हिसा लागतो.

आणखी एक गफलत महागात पडते. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल आणि प्रवासी मधेच शेंगेनबाहेर, म्हणजे सर्बिया किंवा बोस्नियात गेला, तर त्याला परत आत येता येत नाही. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला किनाऱ्याने जाताना पूर्वी बोस्नियाचा छोटा पट्टा ओलांडावा लागायचा. २०२२ मध्ये पेल्येशात्स पूल खुला झाल्यापासून ती अडचण टळली आहे. पण जुना रस्ता अजून वापरात आहे आणि मोबाइलचा नकाशा कोणता रस्ता दाखवेल याचा भरवसा नसतो.

मार्ग आधी, की व्हिसा आधी?

आधी मार्ग. कारण कोणत्या देशाकडे व्हिसा मागायचा हे मुक्कामाच्या रात्रींवरून ठरते.

नियम असा: ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. दोन देशांत सारखेच दिवस असतील, तर ज्या देशातून शेंगेनमध्ये पहिले पाऊल पडणार, त्याच्याकडे.

उदाहरण म्हणून सोलापूरच्या एका कुटुंबाला झेपेल असा मार्ग पाहू. फ्रँकफर्टला मुंबईहूनही थेट विमान आहे आणि हैदराबादहूनही. सोलापूरकरासाठी हैदराबाद मुंबईपेक्षा शंभरेक किलोमीटरने जवळ पडते, हे तिकीट काढताना बरेच जण विसरतात. फ्रँकफर्टहून गाडी घेऊन स्ट्रासबुर्ग (२२० किमी), तिथून ल्युसर्न (२४०), गॉटहार्ड बोगद्यातून मिलान (२४५), मग व्हेरोना (१६०), ब्रेनर खिंडीतून इन्सब्रुक (२७०), म्युनिक (१६०) आणि परत फ्रँकफर्ट (३९०). पाच देश आणि साधारण १,७०० किलोमीटर. सोलापूर ते पुणे असे सात वेळा जाण्याएवढेच हे अंतर आहे, त्यामुळे बारा रात्रींत ते आरामात बसते.

आता रात्री मोजा. फ्रँकफर्ट १, स्ट्रासबुर्ग १, ल्युसर्न ३, मिलान १, व्हेरोना २, इन्सब्रुक १, म्युनिक २ आणि शेवटची फ्रँकफर्ट १. जर्मनीच्या चार झाल्या, स्वित्झर्लंड आणि इटलीच्या प्रत्येकी तीन. अर्ज जर्मनीकडे. पण म्युनिकची एक रात्र कमी करून ल्युसर्नला दिली, की स्वित्झर्लंडच्या चार आणि जर्मनीच्या तीन होतात. मग अर्ज स्वित्झर्लंडकडे करावा लागतो, विमान जर्मनीत उतरत असले तरी.

‘अमुक देशाचा व्हिसा लवकर मिळतो’ असे ऐकून तिथे अर्ज करायचा आणि हॉटेलची बुकिंग मात्र दुसऱ्याच देशातली जोडायची, ही अर्ज नाकारला जाण्याची हमखास वाट आहे. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांहून अधिक अर्ज गेले आणि त्यातले सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. नाकारलेल्या अर्जाचे शुल्क परत मिळत नाही. जून २०२४ पासून हे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. चौघांच्या कुटुंबाचा हा आकडा किरकोळ नाही.

कॅलेंडर कसे मांडायचे?

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण प्रकरण तपासायला घेतले तर ४५ दिवसही जाऊ शकतात. मे महिन्यात निघायचे असेल, तर जानेवारी-फेब्रुवारीत कागद तयार हवेत. त्याच सुट्टीसाठी सगळा देश रांगेत असतो आणि खरी टंचाई असते ती भेटीच्या वेळेची. बहुतेक देशांचे अर्ज पुण्यातल्या केंद्रातही देता येतात. बोटांचे ठसे द्यायला कुटुंबातल्या सगळ्यांना स्वतः जावे लागते, बारा वर्षांखालच्या मुलांना ठशांतून सूट आहे. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात.

अर्जात किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, परतीच्या तिकिटाचे आरक्षण, प्रत्येक रात्रीचा पत्ता आणि उत्पन्नाचे कागद लागतात. रोड ट्रिपवाल्याने आणखी एक कागद जोडलेला बरा: तारीख, शहर, देश, मुक्काम आणि किलोमीटर अशा रकान्यांचा एक पानी तक्ता, सोबत भाड्याच्या गाडीचे आरक्षण. रेल्वे-विमानाची तिकिटे नसताना हा माणूस पाच देशांत फिरणार कसा, हा प्रश्न अधिकाऱ्याला पडतोच. त्याचे उत्तर या पानावर असते.

एक चांगली बातमीही आहे. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सैल झाले आहेत. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नियमाने वापरले असतील, तर दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचाही. तरीही कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर चेहरा आणि बोटांचे ठसे संगणकात नोंदवण्याची पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे हा हिशेब आता शिक्क्यांवर राहिलेला नाही.

आंतरराष्ट्रीय परवाना सोलापुरातच मिळतो

भारतीय परवाना एकटा पुरत नाही. इटली आणि ऑस्ट्रियात त्याच्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतोच. इतर ठिकाणी गाडी देणारी कंपनी तो मागते. भारत १९४९ च्या जिनिव्हा रस्ते वाहतूक कराराचा सदस्य आहे आणि हा परवाना त्याच कराराखाली दिला जातो.

त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. ज्या आरटीओच्या हद्दीत राहतो, तिथेच अर्ज होतो. सोलापूर शहरातल्यांनी एमएच-१३ च्या कार्यालयात, अकलूजच्या हद्दीतल्यांनी एमएच-४५ च्या. ‘सारथी’ पोर्टलवर नमुना ४ अ भरायचा, शुल्क १,००० रुपये. मूळ परवाना आणि पासपोर्ट लागतो. या कामासाठी उड्डाणाआधी निदान दहा-बारा दिवस हाताशी ठेवावेत. मुदत एक वर्षाची, पण मूळ परवाना त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंतच.

ऑनलाइन जाहिरातींत ‘दहा वर्षे चालणारा इंटरनॅशनल लायसन्स’ विकणारे पुष्कळ दिसतात. त्या कार्डाला कायद्याचा आधार नाही. आरटीओची पुस्तिका म्हणजे मूळ परवान्याचे भाषांतर असते, म्हणून दोन्ही सोबत ठेवावे लागतात. पुस्तिका आहे पण मूळ कार्ड सोलापुरात राहिले, तर गाडी मिळत नाही.

गाडी भाड्याने घेताना

मार्ग गोल का ठेवायचा, याचे उत्तर इथे आहे. एका देशात गाडी घेऊन दुसऱ्या देशात सोडली, तर परत आणण्याचे शुल्क लागते आणि ते कधी कधी आठवड्याच्या भाड्याच्या जवळ जाते. जिथून घेतली तिथेच सोडली की हा खर्च शून्य.

बुकिंग करताना चार गोष्टी लेखी विचाराव्यात. कोणत्या देशांत गाडी नेता येईल? काही कंपन्या पूर्वेकडच्या देशांना मनाई करतात किंवा महागड्या गाड्यांवर बंधन घालतात. न विचारता नेली, तर विमा लागू होत नाही. दुसरे, गियर. युरोपात हाताने गियर बदलायच्या गाड्या सर्रास मिळतात, पण तिथे गियरचा दांडा उजव्या हाताला असतो. ऑटोमॅटिकला जास्त पैसे पडतात, पण पहिल्यांदा उजव्या बाजूने चालवणाऱ्याने ते द्यावेत. इथली काटकसर फसवी आहे. तिसरे, अपघात झाल्यास स्वतःच्या खिशातून किती भरायचे. चौथे, अनामत. ती मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरच अडवून ठेवली जाते. फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड अनेक काउंटर नाकारतात. मुलाच्या कार्डावर वडिलांनी गाडी घेणे जमत नाही.

जर्मनीत १२ वर्षांखालच्या आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना उंचीप्रमाणे खास आसन लागते. मांडीवर मूल घेऊन पुढे बसणे तिथे चालत नाही.

टोल: पाच देश, चार तऱ्हा

आपल्या मार्गावर जर्मनीत मोटारींना टोल नाही. जर्मनीने तो लावायचा प्रयत्न केला होता, पण बोजा प्रत्यक्षात परदेशी गाड्यांवरच पडेल अशी रचना होती. ऑस्ट्रिया न्यायालयात गेला आणि २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती योजना अडवली.

स्ट्रासबुर्गहून बाझेलकडे जाणारा अल्सासचा महामार्गही मोफत आहे. फ्रान्समध्ये इतरत्र मात्र अंतराप्रमाणे टोल पडतो, आणि काही महामार्गांवर आता नाकेच काढून टाकले आहेत. कॅमेरा नंबर टिपतो, पैसे ७२ तासांत ऑनलाइन भरायचे. नाका दिसला नाही म्हणजे टोल नाही, असे समजणाऱ्याला दंड बसतो.

स्वित्झर्लंडची पद्धत निराळी. तिथे ४० फ्रँकचे वार्षिक ‘व्हिन्येट’ घ्यावे लागते. दोन दिवस जा किंवा वर्षभर, किंमत तीच. त्याशिवाय महामार्गावर सापडल्यास २०० फ्रँक दंड आणि वर व्हिन्येटची किंमत. जमेची बाजू म्हणजे जवळपास १७ किलोमीटरचा गॉटहार्ड बोगदा त्यातच येतो. उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारी या बोगद्यापुढे काही किलोमीटरची रांग लागते, म्हणून ल्युसर्न-मिलान हा टप्पा मंगळवार-बुधवारी ठेवावा.

इटलीत आपला जुना टोलनाका भेटतो: चढताना चिठ्ठी घ्या, उतरताना पैसे द्या. पिवळ्या ‘टेलेपास’ लेनमध्ये शिरू नये, ती टॅगवाल्यांसाठी आहे. ऑस्ट्रियात दहा दिवसांचे व्हिन्येट मिळते, साधारण १२-१३ युरोंना. पण ब्रेनरचा महामार्ग त्यात येत नाही, त्याचा टोल वेगळा. म्हणजे व्हेरोनाहून इन्सब्रुकला येणाऱ्याला दोन्ही लागतात.

डिजिटल व्हिन्येट गाडीच्या नंबराशी जोडलेले असते आणि भाड्याच्या गाडीचा नंबर ती हातात येईपर्यंत कळत नाही. म्हणून हे सोलापुरातून आधीच घेऊन ठेवता येत नाही. फ्रँकफर्टला गाडीच्या कागदावरचा नंबर अक्षरन् अक्षर बघून घ्यावे, एक अक्षर चुकले तरी ते बाद धरले जाते. सर्चमध्ये वर येणारी काही संकेतस्थळे दलालांची असतात आणि जास्त पैसे लावतात. ऑस्ट्रियाचे अधिकृत विक्रेते तिथले महामार्ग महामंडळ ‘आस्फिनाग’ आहे.

इटलीतले कॅमेरे

मोठ्या दंडांचा एक नेहमीचा उगम इटलीतल्या जुन्या शहरांत असतो. फ्लोरेन्स, पिसा, रोम, व्हेरोना अशा शहरांच्या मध्यभागी ‘झेडटीएल’, म्हणजे मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र असते. नाका नसतो, पोलीस नसतो. पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ, खाली वेळा, आणि वर कॅमेरा. गल्ली चुकून तीन वेळा आत-बाहेर झाले, तर तीन दंड. मोबाइलचा नकाशा दर वेळी सावध करेल असे नाही.

हॉटेल या क्षेत्राच्या आत असेल, तर गाडीचा नंबर हॉटेलला आधी कळवून नोंदवून घ्यावा लागतो. त्यापेक्षा गाडी बाहेरच्या वाहनतळावर लावून बस-ट्रामने आत जाणे सोपे. मिलानच्या मध्यभागात शिरायला पैसे भरावे लागतात, तिथेही हाच उपाय बरा.

उजव्या बाजूची सवय

रात्रभराच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशी गाडी हातात घेऊ नये. वरच्या मार्गात फ्रँकफर्टची पहिली रात्र त्यासाठीच आहे.

सरळ रस्त्यावर फारशी अडचण येत नाही. चूक होते ती पेट्रोल पंपातून किंवा वाहनतळातून बाहेर पडताना, रस्ता मोकळा असताना: हात आपोआप डाव्या बाजूला वळवतो. शेजारी बसणाऱ्याने अशा प्रत्येक वळणावर ‘उजवी बाजू’ असे मोठ्याने म्हणायचे, हे आधीच ठरवून टाकावे. सात रस्ता चौकातून गाडी काढणाऱ्याला तिथले गोल चौक सोपे वाटतील, आणि धोका तोच आहे. तिथे आत फिरणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, बाहेरच्याने थांबायचे. पाटी नसलेल्या साध्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, रस्ता लहान का असेना.

जर्मन महामार्गाच्या काही भागांवर वेगमर्यादा नाही, पण सुचवलेला वेग ताशी १३० किलोमीटर आहे. डावी लेन फक्त पुढे जाण्यासाठी, उजवीकडून ओव्हरटेक करता येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये मर्यादा १२०, फ्रान्समध्ये १३० आणि पावसात ११०. वाहतूक तुंबली, की जर्मनी-ऑस्ट्रियात रुग्णवाहिकेसाठी मधे वाट ठेवावी लागते: सर्वांत डाव्या लेनमधल्यांनी डावीकडे सरकायचे, बाकी सगळ्यांनी उजवीकडे. रुग्णवाहिका दिसेपर्यंत थांबायचे नसते, गाड्या मंदावल्या की लगेच सरकायचे.

इंधन भरताना नावांवर जाऊ नये. जर्मनीत ‘बेन्झिन’ आणि इटलीत ‘बेन्झिना’ म्हणजे पेट्रोल, तर इटलीत ‘गाझोलिओ’ आणि फ्रान्समध्ये ‘गाझोल’ म्हणजे डिझेल. नोझलवर आणि टाकीच्या झाकणावर खूण असते: पेट्रोलला गोल, डिझेलला चौकोन. आकार जुळवला की भाषा कळायची गरज नाही. मदतीचा क्रमांक मात्र घरच्यासारखाच आहे, ११२.

डब्यात काय न्यावे?

युनियनबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. तूप, पेढे, खव्याचे पदार्थ विमानतळावर काढून घेतले जाऊ शकतात. शेंगा चटणी आणि कडक भाकरी यांना ही मनाई लागू होत नाही. आठवडाभर टिकणारी कडक भाकरी जर्मनीत रविवारी हमखास उपयोगी पडते, कारण तिथे त्या दिवशी बहुतेक दुकाने बंद असतात. एखाद-दोन मुक्काम स्वयंपाकघर असलेल्या घरात ठेवले, तर शाकाहारी कुटुंबाची सोय होते.

स्वतःचीच गाडी नेली तर?

एमएच-१३ ची पाटी घेऊन युरोपात फिरण्याची स्वप्ने बरेच जण पाहतात. अशक्य नाही, पण हे प्रकरण वेगळेच आहे. वाटेतल्या अनेक देशांत गाडी तात्पुरती नेण्यासाठी ‘कार्ने’ हे सीमाशुल्काचे कागद लागतात. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ते देते, पण गाडीच्या किमतीच्या प्रमाणात हमी द्यावी लागते. शिवाय अनेक देशांचे व्हिसा आणि महिन्यांची रजा. बारा दिवसांची सुट्टी असलेल्याने भाड्याचीच गाडी घ्यावी.

परत आल्यावर

गाडी परत देताना चारही बाजूंचे, चाकांचे, काचेचे आणि इंधन-किलोमीटरच्या काट्याचे फोटो काढावेत, आणि परतीची पावती मागून घ्यावी. इटलीतल्या नियमभंगाची नोटीस परदेशी चालकाला त्याचा पत्ता कळल्यापासून ३६० दिवसांपर्यंत पाठवता येते. आधी गाडी देणारी कंपनी पत्ता पोलिसांना कळवते आणि त्याबद्दलचे शुल्क क्रेडिट कार्डावरून कापते. दंड त्यानंतर वेगळा येतो. म्हणून मेमध्ये फिरून आलेल्याने ते कार्ड लगेच बंद करू नये. भाडेकरार, टोलच्या पावत्या आणि व्हिन्येटचे ईमेल निदान दीड वर्ष जपावेत. कार्डाच्या हिशेबात अनोळखी रक्कम दिसली, तर तक्रार करण्याआधी तारीख त्या एक पानी तक्त्याशी ताडून पाहावी. त्या दिवशी गाडी कोणत्या शहरात होती, हे तिथे लिहिलेले असते.